एकच कॉम्प्युटर, वापरणारे चौघं, आणि सगळा पसारा डेस्कटॉपवर. कुठून सुरुवात करू?

मानेवाडा_ट्यूशन

नमस्कार मंडळी. घरी एकच डेस्कटॉप आहे. सहाव्या पिढीचा आय३, ८ जीबी रॅम, १ टीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. मी नववी-दहावीच्या ट्यूशन घेते, त्याचे पेपर आणि नोट्स त्यावर. मिस्टरांची टॅली आणि हिशेबाची कामं त्यावर. सासरे पेन्शनर, त्यांचं बँक, वीजबिल आणि हयातीचा दाखला त्यावर. मुलगी अकरावीत, तिचे लेक्चरही त्यावरच. चौघांचं एकच लॉगिन आहे, पासवर्ड नाही.

आता अडचणी सांगते. सी ड्राइव्ह लाल झाला आहे. डेस्कटॉपवर ‘पेपर फायनल’, ‘पेपर फायनल २’ आणि ‘पेपर फायनल खरा’ अशा तीन फायली शेजारी शेजारी आहेत. गूगलची जागा भरली, त्यामुळे पालकांचे मेल परत जाऊन राहिले. सासऱ्यांना कोपऱ्यात ‘व्हायरस सापडला’ अशा पाट्या येतात. जुने पेपर कृतीदेवमध्ये आहेत, शोधून सापडत नाहीत. मुलगी लेक्चर लावते आणि पंधरा मिनिटांत शॉर्ट्सवर पोचते. आणि दुपारी दोननंतर मशीन आपोआप बंद पडतं. कूलर त्याच खोलीत आहे.

मे लागायच्या आत लावून घ्यायचं आहे. नवा कॉम्प्युटर घ्यायचा नाही. काय, कोणत्या क्रमाने करू?

एसएमपीएस_भाऊ

ताई, फायलींना हात लावायच्या आधी डिस्क तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात ‘रिअ‍ॅलोकेटेड सेक्टर्स’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’ या दोन ओळींची शेवटच्या रकान्यातली किंमत बघा. दोन्हीकडे शून्य असेल तर ठीक. पेंडिंगमध्ये शून्याशिवाय काहीही दिसलं तर डिस्क काही जागा वाचू शकत नाही, असा त्याचा अर्थ. अशा वेळी लोक घाईघाईने चेक-डिस्क चालवतात, तेच करायचं नाही. त्याने मरणाऱ्या डिस्कवर तासनतास ताण येतो. आधी कॉपी, मग बाकी सगळं.

कॉपीसाठी १ टीबीची बाहेरची डिस्क घ्या आणि विंडोजवरच वापरायची असेल तर ती एनटीएफएसमध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅटमध्ये लिहिणं चालू असताना केबल निघाली की नुकसान जास्त होतं. सी ड्राइव्हवरचं ‘यूझर्स’ फोल्डर पूर्ण उचला. फक्त डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स उचलू नका, कारण ब्राउझरचे बुकमार्क आणि अशा बऱ्याच गोष्टी आतल्या लपलेल्या फोल्डरात असतात. टॅलीचा डेटा टॅलीप्राइमच्या स्वतःच्या फोल्डरात असतो. तो टॅलीमधूनच बॅकअप घेऊन काढा. टॅली चालू ठेवून ते फोल्डर कॉपी केलं तर अर्धवट फाइल हाती येते, आणि ते कळतं थेट रिटर्न भरायच्या दिवशी.

पैसे खर्च करायचे तर पहिले ५०० जीबीच्या अडीच इंची साटा एसएसडीवर करा. सहाव्या पिढीच्या मशीनला रॅम वाढवून जो फरक पडणार नाही, तो याने पडेल. आपल्या नागपुरात बर्डीवर कोणत्याही कॉम्प्युटरच्या दुकानात मिळेल. सोबत साटा डेटा केबल मागा, ती बॉक्समध्ये सहसा नसते. विंडोज एसएसडीवर नव्याने टाका. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे जशीच्या तशी नक्कल, केलं तर सगळा कचराही सोबत येतो. जुनी डिस्क निरोगी निघाली तर डी ड्राइव्ह म्हणून फोटोंसाठी राहू द्या.

विंडोज १० चं नेहमीचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, तुमचं मशीन त्यात बसत नाही. युक्त्या करून ११ टाकून देणारे भेटतील. पण ज्या मशीनवर बँक आणि टॅली आहे तिथे तो उद्योग नको. त्याऐवजी सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी दिसते का बघा. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन हवं. नोंदणी केली की १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. तेवढ्या काळात पुढच्या मशीनचा विचार करता येईल. लिनक्स मिंट या मशीनवर छान चालेल, पण टॅली लिनक्ससाठी येत नाही, म्हणून तुमच्या घरी तो मार्ग अर्धाच.

सी ड्राइव्ह आत्ता थोडा मोकळा करायचा असेल तर हायबरनेशन बंद करा. त्याची फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा धरून बसते, म्हणजे तुमच्याकडे ३ जीबीच्या वर. डेस्कटॉपला त्याचा फारसा उपयोग नाही.

धंतोली_ऑडिट

डिस्कचं वरती आलंच आहे. मी फायलींबद्दल सांगतो.

जुना पसारा लावत बसू नका. डी ड्राइव्हवर ‘जुनं’ नावाचं एक फोल्डर करा, आजपर्यंतचं सगळं जसंच्या तसं त्यात टाका आणि आजपासून नवी मांडणी सुरू करा. जुन्यातलं जे लागेल ते त्या दिवशी उचलून नव्या जागी आणा. वर्षभरात ज्याला कोणी विचारलं नाही, ते तिथेच पडून राहिलं तरी बिघडत नाही. हजारो फायली एका रविवारी लावायला बसणारा माणूस दुपारी जेवायला उठतो आणि परत बसत नाही.

नव्या मांडणीत प्रत्येकाचं एक फोल्डर आणि एक ‘घर’. त्याच्या आत फार तर एक पायरी. ‘घर’मध्ये वीज, पाणी, मालमत्ता कर, गाडी, विमा, दवाखाना. मिस्टरांच्या फोल्डरात आर्थिक वर्षं, एप्रिल ते मार्च. तुमच्यात जून ते एप्रिल असं शाळेचं वर्ष आणि आत इयत्ता. ट्यूशनची फी हिशेबात आर्थिक वर्षाने जाईल, पेपर शाळेच्या वर्षाने. ही दोन वर्षं एकाच फोल्डरात घालू नका.

फाइलच्या नावात तारीख आधी आणि उलट क्रमाने लिहा: वर्ष, महिना, दिवस. ‘२०२६-०४-१२ वीजबिल’ अशा नावाने लावलं की फायली आपोआप तारखेच्या क्रमाने बसतात. ‘१२-०४-२०२६’ लिहिलं तर सगळ्या महिन्यांच्या बारा तारखा एकत्र येतील. ‘फायनल’ हा शब्द घरातून हद्दपार करा. पेपर बदलला की शेवटी ‘आ१’, ‘आ२’ असा आवृत्तीचा आकडा लावा. मुलांना छापून दिलेल्या आवृत्तीची पीडीएफ करून ठेवा, म्हणजे वर्गात नेमकं काय वाटलं त्यावर वाद उरत नाही.

सरकारी पोर्टलवर चढवायच्या फायलींना मात्र रोमन अक्षरांत, मधे जागा न सोडता, लहान नाव द्या. बऱ्याच पोर्टलना देवनागरी नाव किंवा मधली मोकळी जागा चालत नाही, आणि चूक सांगताना ते नावाचा उल्लेखही करत नाहीत. मुलीच्या प्रवेशअर्जांसाठी फोटो आणि सही आधीच स्कॅन करून प्रत्येकी दोन आकारांत ठेवा, एक मूळ आणि एक ५० केबीच्या आतला. शेवटच्या रात्री आकार कमी करत बसावं लागत नाही. खोल फोल्डरांचा आणखी एक त्रास असतो. विंडोजमध्ये पूर्ण पत्ता साधारण २६० अक्षरांच्या वर गेला की कॉपी अडते. देवनागरीत तो लवकर भरतो, कारण ‘क्षि’ डोळ्यांना एक अक्षर दिसलं तरी कॉम्प्युटर चार मोजतो.

डाउनलोड्स हे फोल्डर नाही, टपालपेटी आहे. आठवड्यातून एकदा रिकामं करा. विंडोजच्या सेटिंग्जमधल्या स्टोरेज सेन्समध्ये डाउनलोड्स आपोआप पुसायचा पर्याय आहे, तो ‘कधीच नाही’ वरच असू द्या. टीडीएसचं प्रमाणपत्र सहा महिने डाउनलोड्समध्ये पडून असणं ही हिशेबवाल्या घरांत अगदी नेहमीची गोष्ट आहे.

वनड्राइव्ह चालू आहे का तेही बघा. नवं विंडोज टाकताना ते डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स स्वतःकडे घेतं आणि फुकट जागा फक्त ५ जीबी. बंद केलं की कधी कधी डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि घरात बोंब होते. फायली गेलेल्या नसतात, यूझर्समधल्या वनड्राइव्ह फोल्डरात डेस्कटॉप नावाच्या फोल्डरात असतात. तिथून कट करून मूळ जागी आणायच्या.

फक्त_सर्च

इतकी फोल्डरं कोण सांभाळणार? ‘एव्हरीथिंग’ नावाचं सॉफ्टवेअर टाका, नाव टाइप करताच फाइल समोर. नाव नीट दिलं तर फोल्डर एक असो की शंभर, काही फरक नाही. धंतोलीवाल्या भाऊंचं तारखेचं पटतं, बाकी अर्धं सोडून द्या.

धंतोली_ऑडिट

नाव नीट दिलं तर! व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या पीडीएफचं नाव ‘स्कॅन ००३’ असतं आणि बँकेच्या स्टेटमेंटचं नुसते आकडे. सर्च नावावर चालतो, आत काय आहे यावर नाही. शिवाय सासरेबुवांना काय टाइप करायचं हे आठवलं पाहिजे. त्यांना ‘वीज’ लिहिलेलं फोल्डर दिसलं की काम होतं.

जुना_टंकलेखक

कृतीदेवच्या पेपरांवर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो.

कृतीदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फाँटांत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत इंग्रजी कळांचे कोड असतात आणि फाँट त्यावर देवनागरी आकार चढवतो. म्हणून ‘प्रकाशाचे अपवर्तन’ शोधलं तर सापडणार नाही, आणि तो फाँट नसलेल्या मशीनवर सगळी फाइल इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल. नवं विंडोज टाकणार आहात ना, मग जुन्या विंडोजमधले हे फाँट आधी वेगळे काढून ठेवा. सी ड्राइव्हवर विंडोजच्या आत फाँट्स फोल्डर आहे, त्यातून कॉपी करायचे. हे राहून गेलं तर जुने पेपर उघडतील, पण वाचता येणार नाहीत.

सगळे पेपर युनिकोडमध्ये बदलायच्या भानगडीत पडू नका. आधी प्रत्येकाची पीडीएफ करा. पीडीएफमध्ये फाँट आत बसतो, तो कुठेही तसाच छापला जाईल. बदलायचे ते फक्त ज्या पेपरांतले प्रश्न पुन्हा वापरणार तेवढेच. बदलून देणारी पानं इंटरनेटवर आहेत, त्यांत मजकूर टाकून युनिकोड घ्यायचा. पण हातच्या हात वापरू नका, ठरलेल्या चुका असतात. ऱ्हस्व इकार एक अक्षर पुढे-मागे सरकतो, विशेषतः जोडाक्षरावर. रफार भलत्याच अक्षरावर बसतो. ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ तुटतात. आणि तुम्ही विज्ञान शिकवत असाल तर सगळ्यात वाईट म्हणजे पेपरात मधेमधे असलेले इंग्रजी शब्द, सूत्रं आणि एककं. बदलणाऱ्याला ती इंग्रजी आहेत हे माहीत नसतं, तो त्यांनाही कृतीदेव समजून देवनागरी करून टाकतो. कंस आणि अवतरणचिन्हंसुद्धा अक्षरं होऊन बसतात. म्हणून मूळ छापील प्रत शेजारी ठेवून सूत्रं हातानेच भरायची.

पुढचं सगळं टायपिंग युनिकोडमध्ये करा. विंडोज १० मध्ये भाषा जोडताना मराठी घेतली की इनस्क्रिप्ट येतो, फोनेटिक हवा असेल तर तोही जोडता येतो. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की कीबोर्ड बदलतो. हात कृतीदेवच्या मांडणीवर बसलेला असेल तर रेमिंग्टन मांडणीचा युनिकोड कीबोर्डही मिळतो, नवं शिकायची गरज नाही. पण मी तर इनस्क्रिप्ट शिकाच म्हणेन. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, एवढं डोक्यात बसलं की बाकी सवयीचा भाग.

खामला_आयटी

लॉगिन, गूगल आणि आजोबा (म्हणजे तुमचे सासरे), हे तीन विषय माझे.

चौघांची चार खाती करा. त्यात एकच अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, आणि ते खातं रोज कोणी वापरायचं नाही. बाकी सगळे स्टँडर्ड. काही इन्स्टॉल व्हायला गेलं की पासवर्ड मागेल, आणि अर्धा कचरा तिथेच अडेल. टॅली ज्याच्या खात्यात चालते त्याला त्या डेटा फोल्डरात लिहायची परवानगी द्यावी लागेल, नाहीतर टॅली उघडेल आणि नोंद साठवताना अडेल.

आजोबांच्या कोपऱ्यातल्या पाट्या व्हायरस नसतात. कधीतरी एखाद्या साइटने ‘सूचना पाठवू का’ विचारलं आणि ‘हो’ दाबलं गेलं, तीच साइट आता ब्राउझरमधून जाहिराती पाठवते. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, मग साइट सेटिंग्ज, मग नोटिफिकेशन्स. परवानगी असलेल्या साइटींची यादी दिसेल, अनोळखी सगळ्या काढा आणि वरचा पर्याय ‘विचारूच नका’ वर ठेवा. त्या पाटीवर दाबून जे ‘अँटिव्हायरस’ उतरतं, खरा धोका तिथून सुरू होतो. विंडोजमधलं डिफेंडर पुरेसं आहे.

हयातीच्या दाखल्यासाठी कॉम्प्युटर लागतच नाही. दर नोव्हेंबरात, आणि ८० च्या वर वय असेल तर ऑक्टोबरपासून, फोनवर जीवन प्रमाण आणि आधारचं फेस आरडी अशी दोन अ‍ॅप घेऊन चेहऱ्याने होतो. चेहऱ्यावर सरळ उजेड हवा, पाठीमागे खिडकी नको. पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक आणि खाते क्रमांक एका कागदावर लिहून ठेवा. मिळालेल्या प्रमाणपत्राची पीडीएफ ‘घर’मध्ये.

गूगलचे १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात. १ जून २०२१ पासून फोटोही त्यातच मोजले जातात आणि आता अँड्रॉइडवरचा व्हॉट्सअ‍ॅप बॅकअपसुद्धा. बहुतेक घरांत खरा खादाड तो बॅकअपच निघतो. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये चॅट बॅकअपला जाऊन ‘व्हिडिओसह’ बंद करा, पुढच्या बॅकअपला जागा मोकळी दिसेल. मग जीमेलच्या शोधपट्टीच्या उजवीकडचं फिल्टरचं चिन्ह दाबून १० एमबीपेक्षा मोठे मेल काढा. पुसल्यावर ट्रॅश रिकामं करा. मेलचं ट्रॅश ३० दिवसांनी आणि फोटोंचं ६० दिवसांनी आपोआप रिकामं होतं, तोवर ती जागा मोजलेलीच राहते. ट्यूशनसाठी एक वेगळं जीमेल काढा. पालकांचे मेल आणि लग्नाचे फोटो एका टाकीत असू नयेत.

लग्नाच्या फोटोंचंच आणखी. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो लहान केलेला असतो आणि काढल्याची मूळ तारीख त्यातून गेलेली असते. नावात ‘डब्ल्यूए’च्या आधी जी तारीख असते ती पोचल्याची. म्हणून नातेवाइकांकडून चांगले फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा. आणि मीडिया ऑटो-डाउनलोड बंदच करा, नाहीतर रोजचे ‘शुभ सकाळ’ तुमच्या बॅकअपमध्ये जपून ठेवले जातात.

पासवर्ड बिटवॉर्डन किंवा कीपासएक्ससी या पासवर्ड जपणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. डेस्कटॉपवर ‘पासवर्ड’ नावाची एक्सेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःलाच पाठवलेला मेसेज, हे दोन्ही नकोत. आजोबांसाठी मात्र वहीत लिहून कपाटात ठेवलेलं चालेल, चोर वही बघायला येत नाही. गूगलचे दहा बॅकअप कोड छापून त्याच कपाटात. फोन हरवला की ओटीपी येत नाही, तेव्हा तेच कामी येतात. खात्यांना जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का तेही बघा. जुनं सिम बंद पडलेलं असतं आणि लक्षात येतं पासवर्ड विसरल्यावर.

आजोबांना तीन गोष्टी पाठ करून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. फोनवर कोणी सांगितलं म्हणून स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायचं नाही. ‘डिजिटल अटक’ असा प्रकार कायद्यात नाही. काही गेलंच तर लाजायचं नाही, लगेच १९३० हा सायबर तक्रारीचा नंबर लावायचा. पहिल्या तासात रक्कम अडवता येण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते.

मानेवाडा_ट्यूशन

खूप आभार सगळ्यांचे. डिस्क तपासली, दोन्ही ओळींत शून्य. टॅलीचा बॅकअप घेतला, फाँटही काढून ठेवले. दोन गोष्टी राहिल्या: मुलीचं काय करायचं, आणि दुपारी मशीन बंद पडतं ते. मिस्टर म्हणतात, महिन्याभराचं म्हणून कॉम्प्युटर कूलरसमोर सरकवू. आणि बॅकअप दर वेळी हाताने कॉपी करायचा का?

एसएमपीएस_भाऊ

मिस्टरांना म्हणा, नका सरकवू. कूलरची सरळ हवा नुसती ओली नसते, बारीक थेंब घेऊन येते. पाण्यातले क्षार बोर्डावर सुकतात, आणि ओलसर हवेत धूळ पंख्याच्या पात्यांवर चिकटून लेप होतो. कूलर एका भिंतीला, मशीन दुसऱ्या भिंतीला, झोताच्या रेषेबाहेर, आणि हवा बाहेर जायला समोरची खिडकी उघडी. खोली बंद ठेवून कूलर चालवला तर दमटपणा वाढतो आणि थंडावाही मिळत नाही.

बंद पडण्याची कारणं दोन असू शकतात, उष्णता किंवा वीज. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसेल, पण तो दोन्ही वेळी येतो, त्यावरून काही ठरत नाही. एचडब्ल्यूइन्फो लावून ठेवा आणि दुपारी सीपीयूचं तापमान बघा. तुमच्या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. खोली थंडीतल्या २५ वरून मे महिन्यातल्या ४२ वर गेली की आतलं तापमानही जवळपास तेवढ्याच अंशांनी वर सरकतं. म्हणजे जानेवारीत ७५ वर सुखाने चालणारं मशीन मेमध्ये ९२ ला टेकतं, आणि थोडी धूळ असली की गेलंच. मशीन आधी मंदावतं, मग बंद होतं. तसं झालं तर उष्णता. ६५-७० अंशांवर झटक्यात बंद झालं तर वीज.

उष्णता असेल तर टेबलाच्या बंद कप्प्यातून कॅबिनेट बाहेर काढा, मागे वीतभर जागा ठेवा. ब्लोअरने धूळ काढताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेने वेगात फिरवला तर बेअरिंग खराब होतं. सहा-सात वर्षं जुनं मशीन असेल तर प्रोसेसरवरची पेस्ट सुकलेली असणार. जुनी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तांदळाच्या दाण्याएवढी नवी मधोमध लावा, जास्त लावून फायदा नाही. इंटेलच्या सोबत येणाऱ्या पंख्याला चार दाबायच्या पिना असतात. त्यातली एक अर्धवट बसणं हा सगळ्यात नेहमीचा घोळ. चारही पिना तिरक्या समोरासमोरच्या जोडीने दाबा आणि बोर्डाच्या मागून बाहेर आल्या का बघा.

वीज असेल तर यूपीएसची बॅटरी बघा. ६०० व्हीएच्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची एक बॅटरी असते. नवी असताना साध्या डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देते. ती बॅटरी २५ अंशांच्या हिशेबाने बनवलेली असते आणि त्यावरच्या दर १० अंशांना आयुष्य साधारण निम्मं होतं. म्हणून आपल्याकडे दोन-अडीच वर्षांतच बदलावी लागते, वॉरंटीच्या कागदावर काहीही लिहिलेलं असो. दुपारी व्होल्टेज खाली गेलं की यूपीएस बॅटरीवर जातो, बॅटरी मेलेली असली की त्याच क्षणी मशीन बंद. तपासणं सोपं आहे: महत्त्वाचं सगळं बंद करून भिंतीवरचं बटण बंद करा आणि घड्याळ बघा. दोन मिनिटंही टिकलं नाही तर बॅटरी बदला, पूर्ण यूपीएस नाही. यूपीएस कूलरखालच्या ओल्या फरशीवर ठेवू नका.

आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. कूलर असलेल्या खोलीत ही टाळायची गोष्ट नाही.

बॅकअपसाठी फ्रीफाइलसिंक. त्यात ‘मिरर’ आणि ‘अपडेट’ असे प्रकार आहेत. मिररमध्ये इकडे चुकून पुसलेली फाइल तिकडूनही पुसली जाते. घरासाठी ‘अपडेट’ घ्या. दर रविवारी डिस्क लावायची, चालवायचं, आणि काढून ठेवायची. कायम लावून ठेवलेली डिस्क बॅकअप नव्हे: विजेचा झटका आला किंवा फायली कुलूपबंद करणारा व्हायरस आला तर दोन्ही सोबत जातात. महिन्यातून एकदा त्या डिस्कवरच्या चार-पाच फायली उघडून बघा. पेपर आणि टॅलीचा बॅकअप आकाराने लहान असतो, तेवढा ड्राइव्हवरही टाका, म्हणजे घराबाहेर एक प्रत राहील.

खामला_आयटी

मुलीबद्दल. मायक्रोसॉफ्टचं फॅमिली सेफ्टी लावता येईल, पण अकरावीतल्या पोरीला ते ओलांडायला एक दुपार पुरते, आणि मग भांडण अ‍ॅपवरून होतं, अभ्यास बाजूलाच. त्यापेक्षा यूट्यूबलाच बोथट करा. तिच्या खात्यात वॉच हिस्टरी बंद करा आणि आधीची पुसा. होमपेज जवळपास रिकामं होतं, कारण सुचवायला त्याच्याकडे काही उरत नाही. लेक्चरची प्लेलिस्ट बुकमार्क करून थेट तीच उघडायची, आणि ऑटोप्ले बंद. क्रोममध्ये अभ्यासाची वेगळी प्रोफाइल केली तर उत्तम, त्यात इन्स्टाग्रामचं लॉगिनच नसेल.

हे तिच्यासमोर बसून, तिला विचारून करा. चोरून लावलेलं तिला पहिल्या संध्याकाळी कळेल.

मोठ्यांसाठीही तेच. ट्यूशनच्या पालकांचा ग्रुप सोडून बाकी सगळे ग्रुप म्यूट आणि अर्काइव्हमध्ये. ‘चॅट अर्काइव्हमध्येच ठेवा’ हा पर्याय चालू असला की नवा मेसेज आला तरी ते वर उसळत नाहीत. मेल दिवसातून दोनदा बघितला तरी तुमच्या कामात काही अडत नाही. पालकांना एकदा वेळ सांगून ठेवा, संध्याकाळी वर्ग सुटल्यावर उत्तर मिळेल म्हणून.

मानेवाडा_ट्यूशन

यूपीएस तपासला, मिनिटभरही टिकला नाही. बॅटरी आणते. पण अजून एक विचारायचं. पेपर छापायला लेझर प्रिंटर चालू केला की यूपीएस किंचाळतो आणि कधी कधी सगळंच बंद होतं. तेही बॅटरीमुळेच का?

एसएमपीएस_भाऊ

नाही ताई, नव्या बॅटरीवरही होईल. लेझर प्रिंटरमध्ये शाई कागदावर भाजायला हीटर असतो, तो तापताना कित्येकशे वॅट ओढतो. ६०० व्हीएचा यूपीएस सगळा मिळून ३६० वॅटच्या आसपास देतो. प्रिंटर सरळ भिंतीच्या सॉकेटला लावा, आणि शक्यतो कूलरच्या बोर्डावर नको. यूपीएसवर फक्त कॅबिनेट, मॉनिटर आणि वायफायचा राउटर. छापताना लाईट गेली तर कागद अडकेल. तेव्हा प्रिंटर बंद करून मागचं झाकण उघडा, रोलर पाच-दहा मिनिटं निवू द्या, आणि मग कागद हळूच, जायच्या दिशेनेच ओढा.